नाथसागराचा टक्का

इगतपुरीला पाऊस लागला की घनसावंगीतला शेतकरी खुशीत येतो. त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचं आभाळ कोरडं असतं, कापसात खुरपणी चालू असते, सोयाबीन दुपारी माना टाकत असतं. पण अडीचशे किलोमीटरवर घाटमाथ्याला झड लागली आहे, ही बातमी त्याला शिवारात पडलेल्या सरीइतकीच जवळची वाटते. माझं आजोळ त्याच भागातलं, पैठणच्या डाव्या कालव्यावरचं. दारणा, गंगापूर, पालखेड, नांदूर मधमेश्वर ही नावं मला भूगोलाच्या पुस्तकाआधी मामांच्या तोंडून कळली. यांतलं एकही धरण मामांनी पाहिलेलं नाही. नाशिककडे गेले ते त्र्यंबकेश्वराला, नारायण नागबळीसाठी. येताना गोदाघाटावर थांबले आणि म्हणाले, "इथून सुटलेलं आपल्याकडं कधी पोचतं, कुणास ठाऊक."

बँकेचा फॉर्म भरायचा म्हटलं की मामा नातवाला हाक मारतात. क्युसेकचा हिशेब मात्र त्यांना तोंडपाठ. साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास चाललं की झालं एक टीएमसी. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून चाळीस हजारांचा विसर्ग चालू आहे असं कळलं, की ते बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर पेनाने आकडे मांडतात: दिवसाला साडेतीन टीएमसी, म्हणजे साडेचार टक्के. पूर्वी हे आकडे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आणि संध्याकाळच्या आकाशवाणीवर यायचे. आता दर तासाला मोबाइलवर येतात. तीन-चार गटांत तोच संदेश वेगवेगळ्या फुलांच्या चित्रांसह फिरतो. जुलै-ऑगस्टात मामांचा फोन आला की तब्येतीची चौकशी शेवटी. आधी, "पन्नासावर गेलं म्हणं?"

पन्नास कशाचे, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. पैठणच्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी केली आणि उद्घाटन इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ रोजी. शंकरराव चव्हाणांनी हा प्रकल्प किती चिवटपणे लावून धरला, हे मराठवाड्यात आजही सांगतात. जायकवाडी हे गाव खरं तर बीड जिल्ह्यातलं. निजामाच्या काळात धरण तिथे व्हायचं होतं. पुढे जागा बदलून पैठणला आली, नाव तेवढं मागून चालत आलं. जलाशयाला नाव दिलं एकनाथांचं, नाथसागर. एकूण साठा १०२.७३ टीएमसी. त्यातले २६ टीएमसी तळाचे, मृतसाठ्याचे. वरचे ७६.६५ टीएमसी उपयुक्त, म्हणजे जिवंत साठा. रोज पेपरात येणारा टक्का हा या जिवंत साठ्याचा. टक्का शून्यावर आला, तेव्हा धरणात थेंब नाही असं नसतं. राहुरीजवळचं मुळा धरण काठोकाठ भरलं की त्यात जेवढं पाणी मावतं, तेवढं पाणी नाथसागरात 'शून्य टक्क्यां'ना असतं. छत्रपती संभाजीनगरची तहान अशा वेळी आणीबाणीचे पंप लावून त्यातूनच भागवली जाते. जालन्याचं पाणी त्यातूनच, वाळूज-शेंद्र्याचे कारखानेही त्यातूनच. कालव्याच्या तोंडाशी मात्र ते पाणी पोचत नाही. एकाच दिवशी एकाच धरणात शहरासाठी पाणी असतं आणि शेतासाठी नसतं. हे मामांना कधीच पटलं नाही. त्यांना ते समजत नाही असं मात्र कुणी समजू नये.

आणखी एक गोष्ट टक्क्यात दिसत नाही. कोयनेत साधारण तेवढंच पाणी मावतं, १०५ टीएमसी. पण कोयना डोंगराच्या कुशीत खोल बसली आहे. तिचं पाणी पसरतं ११५ चौरस किलोमीटरवर, आणि नाथसागर पसरतो सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर. कोयना घागर, नाथसागर परात. पूर्ण भरला तरी सरासरी खोली आठ मीटरांच्या थोडी वर. मराठवाड्याचा एप्रिल-मे या परातीवर तळपतो तेव्हा एकही दरवाजा उघडलेला नसताना पातळी खाली येत राहते. कुणी चोरलं नाही, कुणी वापरलं नाही, गेलं. धरणाच्या हिशेबात याला बाष्पीभवन म्हणतात आणि त्याचा वेगळा रकाना असतो. मामा म्हणतात, "सूर्यानं त्याची पाळी घेतली."

जमीन सपाट, म्हणून परात झाली. सपाट जमीन म्हणजे चांगली जमीन. गोदाकाठची काळी कसदार राने शंभरावर गावांनिशी या पाण्याखाली गेली. पुण्याहून संभाजीनगरला जाताना कायगाव टोक्याचा पूल लागतो, तिथे एसटीतली निम्मी माणसं खिडकीकडे सरकतात. कुणी नाणं टाकतं, कुणी हात जोडतं, आणि प्रत्येकजण पाणी बघतो. चांगल्या वर्षी दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. वाईट वर्षी नदीपुरती एक पट्टी आणि दोन्हीकडे भेगाळलेला गाळ. मधल्या वर्षी दिसतं ते मला सगळ्यात आवडतं: पाणी जसजसं मागे हटतं तसतशी त्याच्या मागोमाग माणसं ओल धरून पेरत जातात. गहू, हरभरा, ज्वारी. वरचा पट्टा पिवळा पडत आलेला, मधला हिरवागार, पाण्यालगतचा नुकता उगवलेला. गाळपेरा म्हणतात त्याला. बुडालेल्या जमिनीचा मूळ मालक अशा वर्षी आपल्याच जुन्या रानात भाडेपट्ट्याने पेरतो. हाच उथळ, उघडा पडलेला काठ बघून हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. १९८६पासून हे पक्षी अभयारण्य आहे. पक्षी बघायला येणाऱ्यांना पाणी थोडं उतरलेलं हवं असतं, कालव्यावरच्यांना नको असतं. दोघंही एकाच काठाकडे बघतात.

खरी धांदल सुरू होते ती ऑक्टोबरात. कालवा सल्लागार समितीची बैठक बसते, रब्बीला किती आवर्तनं आणि उन्हाळ्याला किती ते ठरतं. टक्का शंभराच्या जवळ असला तर सगळेच उदार. चाळिशीत असला तर पिण्याचं पाणी आधी राखून ठेवायचं, कारखान्यांचं बाजूला काढायचं, बाष्पीभवनाचं धरायचं, फाल्गुनात नाथषष्ठीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी पात्रात सोडायचं धरायचं, आणि उरेल त्यात पावणेदोन लाख हेक्टरांहून अधिक लाभक्षेत्राची समजूत काढायची. नमुना नंबर सातचे अर्ज भरा, थकबाकी भरा, अशा जाहिराती निघतात. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. कागदावर शेजपाळी आहे, म्हणजे शेवटच्याला आधी आणि तोंडाच्याला नंतर. प्रत्यक्षात तोंडाशी डोंगळे पडतात. डोंगळा म्हणजे कालव्याच्या भरावावरून टाकलेला पाइप. एक टोक पाण्यात, दुसरं रानात, वीज नको की इंजिन नको. रात्रीत शेकडो डोंगळे लागतात, सकाळी खात्याची गाडी येईपर्यंत गुंडाळले जातात. टेलच्या माणसाला पाणी सुटल्याची बातमी आधी कळते आणि पाणी कितीतरी दिवसांनी दिसतं.

मामांचं रान चारीच्या टेलला. पाणी येणार म्हटलं की रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसायचं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बसलेलो आहे. आधी काहीच ऐकू येत नाही. मग कोरड्या चारीत पाचोळा सरकल्यासारखा आवाज येतो. बॅटरी मारली तर पाण्याच्या पुढे पाणी नसतंच, असतो तो फेस, काटक्या, गुटख्याच्या पुड्या, बाभळीच्या शेंगा आणि जीव वाचवत पुढे पळणारे किडे. भेगांमध्ये पाणी शिरतं तेव्हा बुडबुडे फुटतात आणि ते जागच्या जागी थबकल्यासारखं वाटतं. भेगा भरल्या की पुन्हा पुढे. मामा दंड फोडायचे, फावड्याने दारं धरायचे, एक वाफा भरला की दुसऱ्याचं तोंड उघडायचे. बोलणं बंद. पहाटे कधीतरी पाण्याचा जोर ओसरला की त्यांना न बघता कळायचं. "वर कुणीतरी फोडलं," म्हणायचे. शिवी द्यायचे, पण त्या शिवीत फारसा राग नसायचा. वरच्या जागी असते तर त्यांनीही फोडलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

चारीवरचं हे भांडण नदीवर गेलं की त्याला प्रादेशिक प्रश्न म्हणतात. नाथसागर भरतो तो मराठवाड्याच्या पावसाने नव्हे. २०१९ला मराठवाड्यात पावसाने ओढ दिली होती, टँकर चालू होते आणि नाशिककडच्या पुराने धरण मात्र भरलं. म्हणजे वर किती अडवलं यावर खाली किती येणार हे ठरतं. वर अडवण्याची परंपरा जुनी आहे. भंडारदरा १९२६चं, दारणा त्याच्याही आधीचं. निफाड, कोपरगाव, श्रीरामपूरचे पाट जायकवाडीच्या कितीतरी आधी वाहत होते. त्यानंतर वर आणखी धरणं होत गेली आणि जायकवाडीच्या आराखड्यात धरलेलं पाणी कागदावर राहू लागलं. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आलं. मेंढेगिरी समितीने सूत्र बांधलं, २०१४ला प्राधिकरणाने आदेश काढला आणि २०१६ला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. थोडक्यात असं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांनी तक्त्याप्रमाणे पाणी सोडायचं. तेव्हापासून पासष्ट हा आकडा आमच्याकडे पंचांगातल्या तिथीसारखा बोलला जातो. वरच्यांना पासष्टच्या वर हवं असतं म्हणजे सोडायला नको. खालच्यांना निदान शंभर तरी. साठ-बासष्टला अडकलं तर दोन्हीकडे झोप नाही.

२०२३ला असंच झालं. ऑक्टोबरच्या अखेरीस ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. मग मोर्चे, रस्ता रोको, कोर्ट. प्रत्यक्ष पाणी सुटलं ते नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, तोवर इकडे रब्बीची पेरणी होऊन गेली होती किंवा राहून गेली होती. असं पाणी सोडतात तेव्हा नदीकाठच्या पंपांची वीज तोडतात, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, बंदोबस्त ठेवतात. तरी वाटेतली कोरडी वाळू आपला वाटा घेतेच. सोडलेलं आणि पोचलेलं यांत नेहमी अंतर पडतं आणि त्या अंतरावर पुन्हा वाद होतो. निफाडच्या द्राक्षवाल्याला मी कधी खलनायक मानू शकलो नाही. त्याची बाग ऑक्टोबर छाटणीला आलेली असते, कर्ज डोक्यावर असतं आणि त्याच्या डोळ्यांसमोरून पाणी खाली जातं. पण मराठवाड्यातल्या माणसाने संयम ठेवावा असा सल्ला देणाऱ्यांनी आपलं रान चारीच्या टेलला आहे असं समजून एक उन्हाळा काढावा.

इतकी वर्षं हा टक्का ऐकल्यावर माझं मत असं झालंय, की रिकामं धरण माणसाला जेवढं बुडवतं त्याहून जास्त भरलेलं धरण बुडवतं. रिकाम्या धरणाच्या वर्षी शेतकरी जपून राहतो. हरभरा पेरतो, ज्वारी पेरतो, जनावरं कमी करतो, लग्न पुढे ढकलतो. धरण भरलं की हात सैल होतो. २००६ला नाथसागर असा भरला की दरवाजे उघडून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं, पैठण शहरात पाणी शिरलं. धरणात पाणी, विहिरींना पाझर, चारीला आवर्तन. त्या भरवशावर मामांनी मोसंबी लावली. त्यांनीच नाही, सगळ्या पट्ट्याने लावली. शेजारच्यांनी ऊस लावला. धरणाचा शब्द एका वर्षापुरता असतो. ऊस दीड वर्षाचा, आणि मोसंबी चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते, पुढे पंधरा-वीस वर्षं चालावी अशी अपेक्षा असते. एका पावसाळ्याच्या टक्क्यावर वीस वर्षांची उधारी.

बाग नीट फळावर आली ती २०१२ला. त्या पावसाळ्यात वरून फारसं आलंच नाही. आंबिया बहारासाठी बागेला ताण द्यायचा आणि मग जानेवारीत पाणी सोडायचं, असा रिवाज. त्या वर्षी ताण दिला आणि तो तुटलाच नाही. मामांनी आधी उसाचं पाचट आणून बुडख्यांना अंथरलं. मग विहिरीत आडवे बोअर मारले. मग टँकर. टँकरचं पाणी झाडाला घालताना ते बादली मोजून घालायचे, आणि ज्या झाडांची आशा सोडली त्यांच्यावर चुन्याची खूण करायचे, म्हणजे गडी चुकून तिथे पाणी घालणार नाही. मी मे महिन्यात गेलो तेव्हा खुणा नसलेली झाडं शोधावी लागत होती. पानं गळत नव्हती, जागेवरच कागदासारखी झाली होती. हात लावला की चुरा. पावसाळ्याच्या तोंडाला जेसीबी लावून बाग काढली. मोसंबीचं लाकूड चिवट, जळायला चांगलं. वखारवाल्याने वजनावर नेलं. जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात अशा किती बागा वखारीत गेल्या, त्या भागात फिरलेल्याला आकडा सांगायची गरज नाही.

तेव्हाही धरणात पाणी होतं. मृतसाठ्यात.

लातूरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. २०१६च्या एप्रिलात मांजरा धरण आटलं होतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्याच वर्षी पावसाळा संपताना मांजरा भरलं. पुढच्या हंगामात त्या पट्ट्यात पुन्हा उसाची बेणी फिरू लागली. लोक वेडे आहेत असं बाहेरचा माणूस म्हणतो. कारखाना ऊस नेतो, पैसे उशिरा का होईना देतो. हरभऱ्याला असा खात्रीचा गिऱ्हाईक कुठे आहे? तूर चांगली झाली की भाव पडतो. पाण्याचा अंदाज चुकेल तेव्हा चुकेल, भावाचा अंदाज दरवर्षी चुकतो. दोन धोक्यांतला कमी धोका निवडणाऱ्याला मी तरी वेडा म्हणणार नाही.

भरलेल्या धरणाचा आणखी एक घोर असतो, तो खालच्या गावांना. ऑगस्टात पातळी कितीवर ठेवायची, सप्टेंबरात कितीवर, याची जलाशय परिचालन सूची असते. त्या सूचीप्रमाणे अभियंत्याने धरण थोडं रिकामं ठेवून येणाऱ्या पुराला जागा करायची. पण ऑगस्टात नव्वद टक्क्यांवर कुणी पाणी सोडून बघावं! पुढे पाऊस आला नाही तर त्या अभियंत्याला मराठवाड्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तो हात राखतो, १५२२ फुटांच्या पूर्ण पातळीकडे धरण सरकत राहतं, आणि परतीचा पाऊस अंगावर आला की सत्तावीस दरवाजे उचलावे लागतात. तोवर जलपूजन होऊन गेलेलं असतं, साडीचोळी-नारळाने ओटी भरलेली असते, नेत्यांचे फोटो छापून आलेले असतात. २०२५च्या सप्टेंबरात तर इकडेच आभाळ फाटलं. गोदाकाठची गावं रातोरात हलवावी लागली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. घाटमाथ्याच्या पावसाची वाट बघायची सवय लागलेल्या माणसाला स्वतःच्या शिवारातला पाऊस नकोसा झाला, असं त्या महिन्यात पहिल्यांदा ऐकलं.

मामांनी आता शेतीतून अंग काढून घेतलंय. कारभार मामेभाऊ बघतो. तो कडवंचीला जाऊन आला होता. जालना जिल्ह्यातलं ते गाव पाणलोटाची कामं आणि शेततळ्यांच्या जोरावर २०१२च्या दुष्काळातही द्राक्षं टिकवून राहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तळं. अनुदान, थोडं कर्ज, थोडं मामींचं सोनं, असं करून त्याने प्लॅस्टिकचा कागद अंथरून शेततळं केलं आणि पुन्हा मोसंबी लावली, यावेळी ठिबकवर. ऊस एक एकरच. आवर्तन सुटलं की तळं भरून ठेवायचं, उन्हाळ्यात बागेला पुरवायचं. नाशिकवाले पाणी दाबून बसतात म्हणून तो मोर्चात जातो, जायकवाडीच्या हक्काच्या पाण्यावर तावातावाने बोलतो, आणि बोलतो ते बरोबरच असतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या खालच्या शेतकऱ्याने खात्याकडे अर्ज दिला. वरच्याने तळं भरून घेतलं, त्यामुळे माझी पाळी कोरडी गेली, असं त्यात लिहिलं होतं. कालवा निरीक्षक पंचनाम्याला आले. मामेभावाने सांगितलं, तळं चारीच्या पाण्याने भरलेलंच नाही, विहिरीच्या पाण्याने भरलंय. विहीर चारीपासून वीस पावलांवर आहे. मामा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. निरीक्षकांसाठी चहा टाकायला सांगून ते आत निघून गेले.